शेवटचे शंभर मीटर

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०१७. सकाळचे दहा वाजून पस्तीस मिनिटे. स्कूटरच्या मीटरवर ४९,९९८.२ किलोमीटर.

हे तिन्ही आकडे मोजपट्टींनी फाटकाबाहेर उभे राहून वहीत टिपले, पेनाला टोपण लावले, वही वरच्या खिशात ठेवली आणि स्कूटरला किक मारली. आजचा दिवस त्यांनी गेले पाच महिने राखून ठेवला होता.

मोजपट्टी हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते कारखान्याच्या तपासणी विभागात लागले आणि एकतीस वर्षांनी त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. या काळात त्यांनी एकाही चुकीच्या कागदावर सही केली नाही आणि एकाही बरोबर कागदावर पहिल्या खेपेला केली नाही. कंटाळून कामगारांनी हे नाव ठेवले. ते घरापर्यंत पोचले, आणि त्यांना मनातून आवडलेही.

स्कूटर एकोणीस वर्षांची होती. तिचे पेट्रोल, तिचे तेल, तिच्या चाकातली हवा, सगळ्याची नोंद तीन वह्यांत होती. वर्षभरापूर्वी लेकीने विषय काढला होता, "बाबा, सदुसष्ट पूर्ण झाली. आता स्कूटर पुरे."

त्यावर मोजपट्टी म्हणाले होते, "माझ्या चुकीने हिच्यावर एक ओरखडा जरी आला, तर त्याच दिवशी विकून टाकीन. लिहून देतो."

आणि खरोखरच लिहून दिले होते. तारीख घालून, सहीनिशी. लेकीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. ती बँकेत नोकरीला होती. सही असलेला कागद टाकून देण्याची तिलाही सवय नव्हती.

तर पाच महिन्यांचा बेत असा होता. घरापासून गादीवाल्याच्या दुकानापर्यंत एक पूर्णांक सात किलोमीटर. तिथे डावीकडे वळण. वळणानंतर सरळ, रुंद, मोकळा रस्ता आणि बरोबर शंभर मीटरवर फिटरचे गॅरेज. त्या गॅरेजसमोर सगळे नऊ एकदम उलटून पन्नास हजार पूर्ण होणार. वेग अठ्ठावीस ठेवायचा, वळण घ्यायचे, गॅरेजसमोर थांबता थांबता खाली बघायचे. चूक व्हायला जागाच ठेवलेली नव्हती.

पण माणसाचा जीव आकड्यात अडकला की डोळे ऐकत नाहीत. गादीवाल्याचे दुकान जवळ आले आणि मोजपट्टींना वाटले, शेवटचा आठ उलटून नऊ झाला का, एवढेच पाहावे. त्यांनी मान खाली घातली. शेवटच्या घरातला आठ वर सरकत होता आणि त्याच्यामागून नऊ डोके काढत होता. एकापुढे एक चार नऊ आधीच उभे होते. पाचवा येऊन त्यांच्या रांगेत बसला. असे दृश्य एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते. ते पाहत राहिले.

रस्ता वळला. मोजपट्टी वळले नाहीत.

गादीवाल्याने नुकत्याच शिवलेल्या अकरा गाद्या दुकानाबाहेर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. स्कूटर त्या थप्पीत शिरली, थप्पी कोसळली आणि मोजपट्टी तिच्यावर असे पसरले की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, गिऱ्हाईक गादी तपासून बघत आहे. फक्त डावा हात फळीच्या कडेवर आपटला आणि मनगटातून काडकन आवाज आला.

गादीवाला सुईदोरा टाकून धावला. "काका! लागलं का हो? बोला काहीतरी."

"किती आहे?" मोजपट्टींनी विचारले.

"काय किती?"

"मीटरवर. आकडा. वाच."

गादीवाल्याला वाटले, डोक्याला मार बसला. अशा माणसाशी वाद घालू नये म्हणून त्याने आडव्या पडलेल्या स्कूटरवर वाकून वाचले. "चार, नऊ, नऊ, नऊ, नऊ, आणि हा कडेचा लाल नऊ."

"म्हणजे व्हायचं राहिलं," मोजपट्टी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

तोवर दहाबारा माणसे जमली होती. पाणी आले, खुर्ची आली आणि मागोमाग जो प्रश्न येतो तोही आला. "झालं कसं पण?"

मोजपट्टींनी डोळे उघडले. तपासणी विभागाच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी त्यांना समोर दिसू लागली: 'अपघात होत नाहीत, कोणीतरी ते करतो.' त्या पाटीमागून लेकीची पर्स दिसली. आणि पर्सच्या पलीकडे, प्रत्यक्षात, दुकानाच्या पायरीवर गादीवाल्याचा पेंगुळ दिसला. पेंगुळ हे कुत्र्याचे नाव. कुत्रा झोपलेला होता. अकरा गाद्या आणि एक स्कूटर शेजारी कोसळूनही तो उठला नव्हता.

"कुत्रं," मोजपट्टी म्हणाले.

आयुष्यात त्यांनी केलेली ही पहिली खोटी नोंद. शब्द एकच होता, पण पुढे त्याला पाय फुटले.

दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारले, "कुत्रं आडवं आलं?" मोजपट्टींनी मान हलवली. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, कुत्रे आडवे आल्याने पडले. आता ते सहीशिक्क्याचे झाले. संध्याकाळी शेजारचे विचारायला आले तेव्हा कुत्रे डावीकडून आले. दुसऱ्या दिवशी ते वेगाने आले. तिसऱ्या दिवशी इमारतीचे सचिव चौकशीला आले, आणि त्यांनी खुर्चीवर टेकता टेकताच विचारले, "दात विचकून आलं असेल?"

"दात मी पाहिले नाहीत," मोजपट्टी प्रामाणिकपणे म्हणाले.

"तुम्हाला बघायला वेळ कुठला मिळणार! तुम्ही काळजी करू नका. मी हे तडीला नेतो."

सचिवांना तडीला न्यायला काहीतरी लागत असे. मागल्या वर्षी त्यांनी जिन्यातला दिवा तडीला नेला होता. तेव्हापासून जिन्यात अंधार होता.

बाई हे सगळे ऐकत होत्या. बाई म्हणजे मोजपट्टींच्या पत्नी. अठ्ठावीस वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले होते आणि अख्खा परिसर त्यांना बाईच म्हणत असे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या वर्गातली मुले सांगत, बाई ओरडल्या तर समजावे थोडक्यात सुटलो; बाई गप्प बसल्या तर दप्तर भरावे.

रविवारी लेक आली. तिने प्लास्टरवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि पर्स उघडली.

"कुत्रं आडवं आलं," मोजपट्टी घाईने म्हणाले. "कागदावर 'माझ्या चुकीने' असं लिहिलेलं आहे. वाच."

"बाबा, कुत्रं असो नाहीतर हत्ती. मी भंगारवाल्याशी बोलले आहे."

"भंगार? तिचं इंजिन तुझ्यापेक्षा कमी कुरकुर करतं."

"आई, तू सांग ना यांना."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "यांचाच कारखान्यातला नियम होता. कारण सापडल्याशिवाय बंद मशीन सुरू करायचं नाही, आणि कारण सापडल्याशिवाय मोडीतही काढायचं नाही. अहो, तुम्ही अहवाल लिहा. सगळं रीतसर. मग ठरवू, ठेवायची की विकायची."

मोजपट्टींचा चेहरा उजळला. अहवाल हा त्यांचा हातखंडा. उजवा हात शाबूत होता. त्यांनी त्याच दुपारी कागद पुढ्यात ओढले आणि ठरवले की स्कूटर वाचवायचीच.

दोन दिवसांत नऊ पानांचा अहवाल तयार झाला. रस्त्याचा आराखडा प्रमाणात काढलेला, स्कूटर लाल शाईत, गाद्या निळ्या शाईत, कुत्रा तुटक रेघांनी. शेवटी ठळक अक्षरांत 'यातून घेतलेला धडा' आणि त्याखाली: 'मोकळी जनावरे बांधून ठेवावीत.'

बाईंनी तो उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासला.

"तुमचा वेग अठ्ठावीस?"

"हो."

"आणि कुत्र्याचा पंधरा. कुठून आणला?"

"अंदाजाने."

"अंदाजाने," बाई म्हणाल्या. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली होती. या माणसाच्या तोंडून हा शब्द त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. "कुत्रं डावीकडून आलं तर माणूस उजवीकडे वळतो. तुम्ही सरळ गेलात. ब्रेकची खूण कुठे दाखवली आहे?"

"ब्रेक... वेळ मिळाला नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि कागद परत दिला. गुण दिले नाहीत.

बुधवारी गादीवाला घरी आला. काखेत एक छोटी उशी होती. प्लास्टरचा हात टेकवायला म्हणून त्याने मुद्दाम शिवली होती. उशी देऊन झाली तरी तो उठेना.

"काका, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुमच्या सचिवांनी अर्ज दिलाय. आमचा कुत्रा अंगावर धावतो म्हणून. त्यावर पंचवीस सह्या आहेत. शुक्रवारी सकाळी गाडी येणार आहे, पेंगुळला पकडून न्यायला." त्याने गळ्यातली मोजायची फीत दोन्ही हातांनी पिळली. "तेरा वर्षांचा आहे हो तो. डोळ्यांना अंधुक दिसतं. दोन वर्षांत पायरी उतरलाय तो फक्त... म्हणजे नाईलाजानेच. मी शिवत होतो, मला काही दिसलं नाही, खोटं कशाला बोलू? तुम्ही सांगाल ते खरं. तुम्ही मोजूनमापून बोलणारे. जरा आठवून सांगा. तोच होता का?"

 स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

हो म्हणावे तर कुत्रा जातो. नाही म्हणावे तर स्कूटर जाते. मोजपट्टींनी उशीकडे पाहिले. टाके अगदी सारख्या अंतरावर होते.

"तपासून सांगतो," ते म्हणाले.

तपासल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा शिरस्ता. गुरुवारी सकाळी गळ्यात अडकवलेला हात घेऊन, खिशात घड्याळ, खडू आणि बिस्किटांचा पुडा भरून ते दुकानापाशी हजर झाले. पायरीपासून रस्त्याच्या कडेपर्यंत दोन मीटर मोजून त्यांनी खडूने रेघ मारली आणि रेघेवर बिस्किट ठेवले.

"ये," ते पेंगुळला म्हणाले आणि त्यांनी घड्याळाचे बटण दाबले.

पेंगुळने एक कान हलवला. पहिल्या मिनिटात एवढेच घडले. दुसऱ्या मिनिटात त्याने नाक उचलले आणि बिस्किट आहे याची खात्री करून घेतली. तिसऱ्या मिनिटाला पुढचे दोन पाय पायरीखाली आले, पण मागच्या पायांना अजून निरोप पोचला नव्हता. गादीवाला, शेजारचा न्हावी आणि दोन गिऱ्हाइके श्वास रोखून पाहत होती. साडेसहा मिनिटांनी पेंगुळ रेघेपाशी आला, बिस्किटाशेजारी आडवा झाला आणि खाण्यापूर्वी झोपी गेला.

मोजपट्टींनी वहीत भागाकार केला. ताशी शून्य पूर्णांक शून्य एक आठ किलोमीटर. या वेगाने अठ्ठावीसच्या स्कूटरला आडवे यायचे, तर स्कूटर घरातून निघण्याच्याही आधी कुत्र्याने पायरीवरून निघायला हवे होते.

त्यांनी भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला. आकडा बरोबर होता. मग वाकून त्यांनी बिस्किट पेंगुळच्या नाकाजवळ सरकवले आणि घरी जाऊन नवा कागद घेतला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता गाडी आली. जाळी घेतलेले दोघे उतरले. सचिव इस्त्रीचा सदरा घालून आधीच येऊन उभे होते, मागे सह्या करणाऱ्यांपैकी सातआठ जण. गादीवाला पायरीवर पेंगुळशेजारी बसला होता. त्याने कुत्र्यावर हात ठेवला होता आणि तो कोणाकडेच बघत नव्हता. मोजपट्टी कागद घेऊन पोचले. मागून बाई आणि त्यांच्यामागून रजा काढून आलेली लेक.

"या, या," सचिव म्हणाले. "ओळख पटवायला तुम्ही हवेच होता."

"आधी सुधारित अहवाल वाचतो," मोजपट्टी म्हणाले. "पहिला रद्द समजावा." त्यांनी घसा साफ केला. "घटना: स्कूटर गाद्यांवर आदळली. यंत्रातला दोष: नाही. रस्त्यातला दोष: नाही. कुत्र्याचा सहभाग..." इथे त्यांनी पायरीकडे पाहिले. "नाही. घटनेच्या वेळी कुत्रे पायरीवर झोपले होते. अपघाताचे कारण: चालकाची मान खाली. चालक मीटर पाहत होता."

सचिवांना हे पचेना. "पण तुम्हीच म्हणालात, कुत्रं."

"कुत्रं होतं. पायरीवर होतं. झोपलेलं होतं."

"मग दात?"

"दात तुम्ही म्हणालात."

जाळीवाल्यांपैकी एकाने वाकून पेंगुळकडे पाहिले. "साहेब, याला न्यायचं म्हणजे आम्हालाच उचलून न्यावं लागेल. जाळी लागायची नाही." दुसरा हसला. दोघे गाडीत बसले आणि गाडी गेली. सचिव थोडा वेळ थांबले, मग आठवल्यासारखे करून गाद्या रस्त्यावर ठेवण्याबद्दल गादीवाल्याला चार शब्द सुनावले आणि निघून गेले.

गादीवाला उठला. आता हा काय बोलणार म्हणून मोजपट्टींनी खांदे आवळले.

"काका, बसा," तो म्हणाला. "हात लोंबकळतोय तुमचा. उशी कुठे आहे?"

मोजपट्टी बसले. मग त्यांनी लेकीपुढे उजवा हात केला. "तुझा कागद दे. माझ्या चुकीने, हे सिद्ध झालं. भंगारवाल्याला बोलव."

लेकीने पर्सची चेन उघडली, पण कागद बाहेर काढला नाही. तिने आईकडे पाहिले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बाई गादीवाल्याकडे बोट करत म्हणाल्या. "पडल्यापडल्या तुम्ही मीटर विचारलंत, हे यानेच मला दवाखान्यात सांगितलं. याला वाटलं, तुम्हाला भ्रम झालाय. बेचाळीस वर्षांत तुम्ही एवढं शुद्धीत कधीच नव्हता, हे मला माहीत."

"मग दहा दिवस बोलली का नाहीस?"

"उत्तर मला येत होतं. तुम्ही स्वतः लिहिता का, ते बघायचं होतं."

"आई, पण स्कूटरचं काय?" लेकीने विचारले.

"त्या पन्नास हजारांतले निम्मे मी मागे बसून काढलेत. मला कोणी विचारलं का, विकायची का म्हणून?" बाई म्हणाल्या. "कारण सापडलं. दूर करता येण्यासारखं आहे. मीटर झाकायचा. कायमचा."

 शंभर मीटर राहिले होते, फक्त शंभर. पण अहवालात धड्याची जागा त्यांनी कोरी सोडली होती. त्यांनी पेनाचे टोपण दातांनी काढले आणि लिहिले: 'चालवताना समोर बघावे.' खाली सही केली. इतका छोटा धडा त्यांनी कधीच लिहिला नव्हता.

तिथून सगळे गॅरेजवर गेले. अपघाताच्या दिवशीच फिटरने स्कूटर हातगाडीवर चढवून तिथे नेली होती, त्यामुळे मीटर जागचा हलला नव्हता. बाईंनी स्वतःच्या हाताने मीटरवर काळी चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन थर. मोजपट्टींनी फिटरला बजावले, "हँडल सरळ कर, पुढचा पत्रा ठोक, पण या पट्टीला हात लावायचा नाही."

"पट्टीला हात नाही लावणार, काका," फिटर म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम मोजपट्टींनी रोज ठरल्यापेक्षा दहा वेळा जास्त केला. डॉक्टरांनी हात वाकवून, पिळून पाहिला आणि हरकत नाही म्हणाले. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मोजपट्टी स्कूटर आणायला निघाले.

"मागे मी बसणार," बाई म्हणाल्या. "मान जरा जरी हलली तरी मला मागून कळते."

फिटरने स्कूटर पुसून बाहेर काढून ठेवली होती. पट्टी जशीच्या तशी. मोजपट्टी बसले, बाई बसल्या, किक लागली. गॅरेजच्या दारापासून गादीवाल्याच्या दुकानापर्यंत शंभर मीटर. हा हिशेब सात आठवडे मोजपट्टींच्या डोक्यात होता आणि बाईंच्याही डोक्यात होता. एकमेकांना कोणी बोलून दाखवला नव्हता. आकडा उलटणार होता तो बरोबर त्याच वळणावर, पट्टीखाली, अंधारात.

नव्वद मीटर. मोजपट्टींची मान ताठ. पंच्याण्णव. मानेच्या शिरा शिडीच्या दोरासारख्या ताणल्या गेल्या. समोर वळण, वळणावर गाद्या, पायरीवर पेंगुळ. गादीवाल्याने हातातली सुई उंच धरून सलाम केला.

शंभर.

त्यांनी समोर बघत वळण घेतले. खांद्यावर बाईंचा हात होता; तो एकदा घट्ट दाबला गेला आणि सैल झाला.  मोजपट्टींना डोळ्यांत कचरा गेल्यासारखे झाले, पण डोळे त्यांनी समोरच ठेवले.

घरापाशी स्कूटर उभी राहिली. लेक फाटकात वाट पाहत होती. बाई उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "स्कूटर उभी आहे. उभ्या स्कूटरचा मीटर बघायला नियमाची आडकाठी नाही. काढा ती पट्टी. मग दुसरी लावू."

मोजपट्टींनी आधी वही काढली. पन्नास हजार एक पूर्णांक सात यायला हवे होते. आकडा आधी लिहूनच ठेवला. मग त्यांनी नखाने पट्टीचे तिन्ही थर सोलले. तिघांची डोकी एकत्र खाली वाकली.

मोजपट्टींनी आकडा दोनदा वाचला आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला.

शेवटी मोजपट्टींनी फिटरला फोन लावला.

"हो काका, चालवून बघितली ना," फिटर म्हणाला. "हँडल सरळ केल्यावर बघायला नको? मेहुण्याला आणायला गेलो होतो, सासुरवाडीपर्यंत. जाऊन येऊन. लोण्यासारखी चालते. आणि पट्टीला हात लावला नाही हं."

मोजपट्टींनी फोन खिशात ठेवला. वहीतला आधी लिहिलेला आकडा पट्टी धरून एका सरळ रेघेने खोडला, शेजारी सही केली आणि त्याखाली नवी नोंद केली.

चालकाची मान: सरळ. मीटर: ५०,०४३.२.